कप्पेवालीचा उतार

कप्पेवालीचं नदीवर कुणीतरी आहे, आणि त्या कुणाचा तरी एक हात गळ्यात बांधलेला आहे, ही कुजबुज आमच्या इमारतीत पहिल्यांदा बाहेर पडली ती तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या तोंडातून. शिंपीणबाईंच्या तोंडात कायम टाचण्या. इतर माणसं ओठांनी बोलतात, बाई ओठांच्या कोपऱ्यातून बोलायच्या. त्यामुळे "पडद्याला अस्तर लावू का?" हे साधं वाक्यसुद्धा त्यांच्याकडून चोरून सांगितल्यासारखं यायचं. मग जे खरोखरच चोरून सांगायचं, त्याला काय रंग चढत असेल, विचारू नका.

"दर सुट्टीला जाते हो. सकाळीच. जाड तळाचे बूट घालून. नवऱ्याला सांगते, कामाला जाते. आता सुट्टीच्या दिवशी कसलं आलंय काम?" एवढं बोलून टाचण्या दातांत घट्ट धरायच्या आणि भुवया वर करायच्या. पुढचं ज्याचं त्यानं शिवून घ्यावं.

मला चहाड्या आवडतात. लपवण्यासारखं काय आहे त्यात? कुणाची सून कुणाशी बोलत नाही आणि कुणाच्या जिन्यावर कुणाची चप्पल दिसते, याच्याशिवाय माझा चहा गोड होत नाही. पण ही एक कुजबुज आठवली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण पुढे मी तिघांकडूनही सगळं ऐकलं: तिच्याकडून, तिच्या नवऱ्याकडून आणि त्या गळ्यात हात बांधलेल्याकडून. तिघंही सांगताना भडकलेलेच होते. आता मी सांगतो.

कप्पेवाली हे नाव तिला आम्हीच ठेवलेलं. लग्न होऊन आली आणि महिन्याभरात तिनं सासूच्या घराचे कप्पे करून टाकले. चमचे वेगळे, डाव वेगळे, पावत्या वेगळ्या, औषधं वेगळी, आणि औषधांतही दुखण्याची वेगळी, झोपेची वेगळी. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. दुकानात त्याचे स्क्रू, काटे, कमानी एका ताटलीत गुण्यागोविंदानं नांदायच्या. तिनं प्रत्येकाला डबी दिली. तो बिचारा शांत माणूस, डोळ्याला भिंग लावून जगाकडे बघणारा. त्याला सगळं जवळचं दिसायचं आणि लांबचं काही कळायचं नाही. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा त्यांनी कात्री चहाच्या डब्याशेजारी ठेवली, तर सुनेनं घर डोक्यावर घेतलं.

"आई, कात्रीची जागा इथे आहे का?"

"अगं, सापडली ना तुला?"

"सापडली म्हणजे जागेवर होती असं होत नाही!"

सासूबाईंनी त्या दिवसापासून कात्री उशाखाली ठेवायला सुरुवात केली. मुद्दाम. असं ते घर.

राग हा तिचा स्वभावच. फरक एवढाच की ती माणसावर चिडण्याआधी वस्तूवर चिडायची, आणि वस्तूपेक्षा जास्त वस्तू जिथे ठेवली त्या जागेवर. अशा बाईला काम मिळालं तेही तसलंच. टायरच्या दुकानाच्या वर एक नकाशांची कंपनी होती. जिन्यापासून रबराचा वास यायचा, वर पंखे फिरायचे आणि खिडकीला लागून संगणकांची रांग. कंपनी हातात धरायच्या जीपीएस यंत्रांसाठी नकाशे करायची. टेकड्या चढणारे, रानात काम करणारे, वाडीवस्तीवर फिरणारे, अशांच्या पट्ट्याला अडकवलेलं असतं ना, बचकेत मावणारं यंत्र, ते.

आता तिचं काम काय ते नीट ऐका, कारण सगळी मेख इथेच आहे. त्या यंत्राचा पडदा तळहाताएवढा. त्यावर रस्ते, नद्या, घरं, विहिरी, टेकड्या आणि नावं सगळी एकदम दाखवली तर नुसता गोंधळ होईल. म्हणून प्रत्येक गोष्ट एकेका थरात टाकायची. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे थर. कुठला खाली, कुठला वर, आणि माणूस नकाशा जवळ ओढेल तेव्हा कुठला उमटायचा, हे ठरवायचं. जंगलाचा हिरवा थर चुकून पाण्याच्या वर बसला की नदी गडप. घरांचा थर नावांवर बसला की गाव आहे पण गावाला नाव नाही. ती या कामात इतकी तरबेज होती की ऑफिसात कुणाचा डबा सांडला तरी लोक म्हणायचे, बाईंना विचारा, हा कुठल्या थरात जातो.

या थरांत दोन थर शेजारी-शेजारी. एक जमिनीचा: चढण, घसरण, कडा, दगड. तो फक्त दिसतो. यंत्र त्यावरून काही ठरवत नाही. दुसरा वाटांचा. वाटांच्या थरात जे पडेल त्यावरून यंत्र माणसाला चालवतं. पाऊलवाट, पूल, साकव, जे काही तिथं असेल ते पायाखालचं आहे असं यंत्र धरून चालतं. त्याला शंका येत नाही. यंत्राला आपल्यासारखा शेजारपाजार नसतो, कुणाला विचारणार?

जागेवर जाऊन टिपणं आणायचा तो मोजणीदार. पायांनी मजबूत आणि लेखणीनं त्याहून मजबूत. त्याची टिपणं म्हणजे निबंध: 'येथे ओढ्याकाठी जुने झाड असून त्याच्या सावलीत बसण्यास बरे वाटते.' कप्पेवालीचा पारा चढायचा. शेवटी एकदा तिनं त्याला सगळ्यांदेखत झापलं.

"तुम्हाला कुठे बरं वाटतं हे मी कुठल्या थरात टाकू? मला एक शब्द द्या. एका जागेला एक शब्द. बास."

"एक शब्द पुरेल का बाई?"

"मला पुरतो."

मोजणीदार मनाला लावून घेणारा निघाला. त्या दिवसापासून तो खरोखर एकच शब्द लिहायला लागला. विहीर. पूल. देवराई. कडा. टिपणं सुरीनं कापल्यासारखी यायला लागली आणि कप्पेवाली खूश.

आणि एका दुपारी एक टिपण आलं. टेकडीवरून नदीकडे येणारी पाऊलवाट, पलीकडच्या काठावर दुसरी पाऊलवाट, आणि मध्ये नदीला खेटून एक शब्द: उतार.

आपल्या भाषेत नदीला उतार असतो म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. पाणी गुडघ्याएवढं, माणूस पायी पार होतो. तिनं अलीकडची वाट पाहिली, पलीकडची वाट पाहिली, मधला शब्द वाचला आणि वाटांच्या थरात टाकला. एक ठिपक्याठिपक्यांची रेघ नदी ओलांडून गेली. दोन वाटा जोडल्या गेल्या. तिला बरं वाटलं असणार. दोन तुटलेली टोकं जुळली की तिला नेहमीच बरं वाटायचं. नकाशा यंत्रांत भरला गेला आणि यंत्रं दुकानांतून विकली गेली.

मग एक दिवस जिन्यावरून धापा टाकत एक माणूस वर आला. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात यंत्र. हा गुरांचा डॉक्टर. पलीकडच्या काठावरच्या गोठ्यांतली गुरं बघायला जायचा. पूल लांब, म्हणून यंत्राचं ऐकून जवळच्या वाटेनं गेला होता.

कंपनीच्या साहेबांना सगळे पुढचेसाहेब म्हणायचे, कारण काहीही सांगा, ते "पुढच्या आवृत्तीत बघू" म्हणायचे. डॉक्टरनं यंत्र त्यांच्या टेबलावर आपटलं.

"हे मला म्हणालं, पुढे चला. मी पुढे चाललो. पुढे जमीनच नव्हती."

पुढचेसाहेब म्हणाले, "आपण समोर बघितलं नाहीत का?"

"बघितलं ना! तुमच्या यंत्रात बघितलं! काठावर झुडपं. झुडपं बाजूला केली आणि गेलो घसरत पार खाली. खाली पाणी हे एवढं. माझी पेटी गेली, हात मोडला. आणि पलीकडे एक गाय अडलेली, तिचा मालक काठावरून मला विचारतोय, डॉक्टर, पोहता काय?"

कप्पेवाली जागेवरून उठून आली. तिनं यंत्र हातात घेतलं, नकाशा जवळ ओढला. ठिपक्यांची रेघ. तिनं तिथंच फोन उचलून मोजणीदाराला लावला.

"नदीकाठी तुम्ही उतार लिहिलाय, तो कसला?"

"कसला म्हणजे? उतार. सरळ खाली जातो. दगड निसटतात पायाखालून."

"नदीला उतार नाही?"

"नदीला? छे हो! तिथं हत्ती बुडेल." मग जरा थांबून, "सविस्तर लिहिलं असतं बाई, पण तुम्हीच म्हणालात..."

"मी काय म्हणाले ते मला माहीत आहे!" आणि फोन आपटला.

जमिनीचा उतार, नदीचा उतार. शब्द तोच. कप्पे दोन. एरवी एका कात्रीसाठी घर डोक्यावर घेणारी बाई, तिनं नदीत बुडवणारा कडा पायवाट म्हणून ठेवला होता. तिनं त्याच मिनिटाला मूळ नकाशात तो शब्द वाटांच्या थरातून काढला आणि जमिनीच्या थरात टाकला. ठिपके पुसले गेले. पण विकल्या गेलेल्या यंत्रांत ते तसेच होते. त्यांत नवा नकाशा भरायचा तर यंत्र तारेनं संगणकाला जोडावं लागायचं, आणि कुणी सांगितल्याशिवाय ते कोण करतो?

डॉक्टरला नवीन यंत्र आणि थंड सरबत देऊन पुढच्यासाहेबांनी जिन्यापर्यंत पोचवलं. मग ती त्यांच्या खोलीत गेली.

"चूक माझी आहे. सगळ्या दुकानांना कळवा. ज्यांनी यंत्रं घेतली त्यांना कळवा. आजच."

"पुढच्या आवृत्तीत..."

"पुढची आवृत्ती येईपर्यंत माणसं चालणार नाहीत का?"

"तिकडे जातं कोण, बाई? एक गुरांचा डॉक्टर. तो पडून झाला."

तो पडून झाला! हे वाक्य मला तिनं सांगितलं तेव्हा तिनं कपबशी अशी उचलली, की मला वाटलं आता ती माझ्यावरच फेकते की काय.

पुढचेसाहेब पुढे म्हणाले, "हे बघा, एक जागा चुकली म्हणून सांगितलं तर लोक म्हणणार, बाकीच्या जागा बरोबर कशावरून? आणि चूक आपली तरी कशावरून? मोजणीदारानं अर्धवट लिहिलं. त्याचं कंत्राट तसंही संपत आलंय."

"अर्धवट मी लिहायला लावलं त्याला. शब्द त्याचा आहे, कप्पा माझा आहे. त्याच्या अंगावर ढकललंत तर याद राखा."

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

"तुम्ही कशालाच लावून घेत नाही!"

संपलं. दुकानांना कुणी कळवलं नाही. तिला रात्री झोप लागेना, पण घरी ती चकार शब्द बोलली नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? आणि मग येणाऱ्या सुट्टीला तिनं जाड तळाचे बूट चढवले आणि गेली. टेकडीवरून खाली, जिथं वाट झुडपांत शिरते तिथं जाऊन उभी राहिली. पहिल्यांदा एक पाटी नेली होती, 'येथून पार होता येत नाही.' पुढच्या खेपेला पाटी गायब. फळी चांगली होती. कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला कामी आली असेल. दुसरी लावली, तीही गेली. तेव्हा ती स्वतःच पाटी झाली.

सुट्टीच्या दिवशीच टेकडीवर जास्त माणसं यायची. पट्ट्याला यंत्र, मान खाली, नजर तळहातावर. हिनं आडवं यायचं.

"इथून जाऊ नका. खाली कडा आहे."

"पण यात दाखवतंय ना, बाई."

"ते मीच दाखवलंय!"

"म्हणजे?"

"म्हणजे मी चुकले. हे ठिपके मी टाकलेत. चुकून टाकलेत. पुलावरून जा."

एक जण हसला. "यंत्र कधी चुकत नाही."

"यंत्र नाहीच चुकलं! यंत्र माझं ऐकतंय, तुम्ही यंत्राचं ऐकताय, आणि समोर मी उभी आहे तर माझं कुणी ऐकत नाही!"

बहुतेक जण वळायचे. पटलं म्हणून नव्हे, वेडीच्या नादी कशाला लागा म्हणून. पण वळायचे.

तिथंच तिला पुन्हा गुरांचा डॉक्टर भेटला. तो आपली पेटी कुठे अडकलीय का बघायला आला होता. दोघांचं पहिलं बोलणं भांडणाचं, दुसरंही भांडणाचं. तो म्हणायचा, तुम्ही माझा हात मोडलात. ती म्हणायची, मोडला, मान्य आहे, आता दुसरा मोडू नये म्हणून लांब उभे राहा. पण तो यायचा. एक बाजू ती अडवायची, जरा वरची दुसरी पायवाट तो अडवायचा. त्याच्या बांधलेल्या हाताचा उपयोग व्हायचा. ती म्हणायची, "पटत नसेल तर यांच्याकडे बघा." लोक बघायचे आणि पटायचं.

आमच्या इमारतीतल्या कुणीतरी हे टेकडीवरून पाहिलं. एक बाई, एक परका पुरुष, आसपास झुडपं. एवढं कापड शिंपीणबाईंना पुरेसं होतं. आठवड्याभरात तयार कपडा सासूबाईंच्या हातात पडला.

सासूबाईंनी मुलाला बोलावून घेतलं. "बघ रे बाबा. मला काही म्हणायचं नाही. पण हात मोडलेल्या माणसासाठी कुणी एवढे बूट झिजवतं का?"

घड्याळवाल्यानं डोळ्याचं भिंग काढलं. एवढंच. पण त्यालाही राग येतो हे कुणी लक्षातच घेतलं नव्हतं. बायकोला सवलतीत मिळालेलं एक यंत्र घरात पडून होतं. त्यानं ठरवलं, समोरून जायचं नाही, पलीकडच्या काठावरून जायचं आणि तिथून उतारानं नदी ओलांडून अचानक पुढ्यात उभं राहायचं. यंत्रात ठिपके होतेच. हा वेडा माणूस, ज्याला लांबचं दिसत नाही, बायकोला रंगेहाथ पकडायला बायकोच्याच नकाशानं निघाला!

पलीकडचा काठ सपाट. पाणी काठाशी शांत दिसायचं. तिनं वरून बघितलं तर पलीकडे एक ओळखीचा सदरा, हातात यंत्र, मान खाली. तिनं जीव खाऊन हाक मारली, "अहो!"

पाण्याचा आवाज एवढा, की पलीकडे अर्धीमुर्धी पोचली. पण शेजारचा डॉक्टर वळून म्हणाला, "काय?"

झालं! घड्याळवाल्यानं मान वर केली आणि पाहिलं ते एवढंच: आपली बायको "अहो" म्हणतेय आणि तो गळ्यात हात बांधलेला वळून ओ देतोय.

तिनं दोन्ही हात हलवले: मागे व्हा, मागे व्हा. त्यानं ते पाहिलं आणि रागानं लालबुंद होऊन पाण्यात पाय टाकला. पहिली दोन-चार पावलं बरी गेली. मग पाणी मांड्यांना, मग कमरेला, आणि मग पायाखाली काहीच नाही. यंत्र गेलं. डोकं दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. ती कड्यावरून खाली झेपावणार तर डॉक्टरनं धड हातानं तिचा दंड धरला.

"सोडा मला!"

"एकच हात आहे माझ्याकडे, तोही मोडू नका! तुम्ही खाली पडलात तर दोघांना कोण काढणार?" आणि तो पलीकडे ओरडला, तो आवाज मात्र गुरांच्या डॉक्टरचा, गोठ्यापर्यंत पोचणारा. गाईचा मालक दावं घेऊन धावत आला. खाली एका पडलेल्या झाडाला घड्याळवाला अडकला होता. वासरू ओढावं तसं त्याला ओढून काढलं.

पुलावरून वळसा घालून ती दोघं पलीकडे पोचेपर्यंत तो काठावर बसून सदरा पिळत होता. ती धावत आली, त्याला चाचपलं, सगळं जागेवर आहे असं बघितलं आणि मग तिचा बांध फुटला.

"कुणी सांगितलं होतं पाण्यात उतरायला?"

"तुझ्या यंत्रानं."

"मी हात हलवत होते ते दिसत नव्हते?"

"दिसत होते. मला वाटलं, जा म्हणतेयस."

"जाच म्हणत होते!"

"मला वाटलं, कायमचा." मग डॉक्टरकडे बघून, "आणि याला अहो काय म्हणत होतीस?"

"तुम्हाला म्हणत होते!"

डॉक्टर पडेल आवाजात म्हणाला, "मला वाटलं मला."

गाईचा मालक दावं गुंडाळत तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग तिनं मटकन खाली बसून सगळं सांगितलं. एक शब्द, दोन थर, पुढचेसाहेब. नवऱ्यानं विचारलं, "घरी का नाही बोललीस?"

"कात्रीवरून आईंना काय काय बोलले होते, आठवतंय? आता कुठल्या तोंडानं सांगू?"

घरी सासूबाईंनी मुलाचा अवतार पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या कात्रीनं कुणी बुडालं नव्हतं हो." सुनेनं चक्क "हो" म्हटलं. तेवढ्यावर सासूबाई थांबल्या मात्र नाहीत. मुलाच्या ओल्या बुटांचा जोड तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "हे उद्या तुझ्या साहेबाच्या टेबलावर ठेव."

तिनं ठेवले. चिखलासकट.

"हा दुसरा पडलेला. माझा नवरा," ती म्हणाली.

पुढच्यासाहेबांनी कागद बाजूला सरकवले. "ते तुमचे यजमान आहेत, बाई. ग्राहक नव्हेत. त्यांची तक्रार मी कशी धरू?"

माणूस बुडता बुडता वाचतो आणि हा विचारतो, तो ग्राहक होता का! त्या दिवशी तिनं आवाजही चढवला नाही म्हणतात. दुरुस्त नकाशा एका मेमरी कार्डावर घेतला आणि खाली उतरली. दुसऱ्या दिवशी घड्याळांच्या दुकानाच्या काचेवर पाटी लागली: 'या कंपनीच्या नकाशात नदीवर उतार दाखवला आहे. तो खोटा आहे. चूक दुकानदाराच्या बायकोची आहे. यंत्र घेऊन या, नकाशा बदलून देऊ.' 'बायकोची' हा शब्द नवऱ्यानं आधी 'कंपनीची' असा लिहिला होता. तिनं पुसायला लावला.

लोक यायला लागले. कुणी चिडून, कुणी गंमत बघायला. घड्याळवाला भिंग लावून यंत्राला संगणकाची तार जोडायचा, ती शेजारी उभी राहून ठिपके गेले की नाही ते बघायची. कंपनीनं तिला मालाची बदनामी केली म्हणून काढून टाकलं. मोजणीदाराचं कंत्राट संपलं ते संपलंच. आणि मग कंपनीची नवी आवृत्ती आली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत: 'आता अधिक अचूक.' कशानं अचूक झाला, कुणी अचूक केला, याबद्दल एक अक्षर नाही. मी ते खोकं दुकानात हातात घेतलं होतं आणि परत ठेवताना मुद्दाम उलटं ठेवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

सगळी यंत्रं काही दुकानात आली नाहीत. काही लांबच्या गावांत विकली गेली होती. म्हणून ती नोकरी गेल्यावरही सुट्टीच्या दिवशी जायची. आता नवरा बरोबर असायचा, कधी डॉक्टर, एकदा सासूबाईसुद्धा घडीची खुर्ची घेऊन गेल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला यंत्र दाखव म्हणून दरडावायला लागल्या.

आणि शिंपीणबाई? नवरा बरोबर जायला लागला तशी त्यांनी कुजबुजीला नवी झालर लावली: नवऱ्याला बरोबर नेते, म्हणजे बघा किती पक्की! मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं, "बाई, तुम्हाला खरं काय ते ठाऊक आहे ना? काचेवर पाटी लावलीय, वाचलीत ना?"

टाचण्या न काढता त्या म्हणाल्या, "वाचली की. पण पाटीवर कुणी खरं लिहितं का?"

त्यांच्या समोर पडदा पसरलेला होता. तो उचलून त्यांच्या डोक्यावर टाकावा असं मनात आलं. टाकला नाही. आजही इमारतीत नवीन भाडेकरू आला की आठवड्याभरात त्याला ही गोष्ट कळते, आणि मग तो जिन्यात कप्पेवालीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. त्याच्यासाठी आणि बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो.

नदीवर तिचं कुणी नव्हतं. तिनं एक शब्द चुकीच्या थरात टाकला होता आणि कंपनी ते लोकांना सांगत नव्हती, म्हणून ती तिथं जाऊन येणाऱ्यांना परत पाठवत होती. गळ्यात हात बांधलेला माणूस हा तिथून पडलेला पहिला माणूस होता.